श्रीमती सलाईनबाई, मुक्काम खिळ्यावर

श्रीमती सलाईनबाई यांस,

साष्टांग नमस्कार. मी तशीही आडवीच आहे, त्यामुळे नमस्काराला वेगळी मेहनत पडली नाही.

पत्रास कारण की, तुमचे आमच्या घरावर फार उपकार झाले आणि ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवेना. खासगीत सांगून उपयोगही नव्हता. तुम्ही उलट्या टांगलेल्या. तुमचे कान कुठे आणि तोंड कुठे, हे मला आजवर कळलेलं नाही.

ओळख द्यायला हवी. मी नाकाडोंगरीची. तुमसरहून कटंगीला जाणाऱ्या रस्त्यावर, मध्य प्रदेशची हद्द लागायच्या अलीकडे. घरी थोडी धानाची शेती आणि माझं शिलाई मशीन. तुमच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसतील, हात राहत असतील. डाव्या हाताची शीर लवकर सापडत नाही आणि मनगटापाशी काळानिळा डाग पडतो, ती मी.

2024 च्या पावसाळ्यात नागपुरात चिकुनगुनियाने धुमाकूळ घातला होता. त्याच हंगामात मलाही तो चावला. ताप आठवड्यात उतरला. सांधे दिवाळीपर्यंत कुरकुरले आणि मग तेही गप्प झाले. थकवा मात्र राहिला. थकवा मला नवा नाही, बाई. दिवसभर धानाच्या बांधीत कंबर वाकवून पऱ्हे रोवले की रात्री भाताचा घास तोंडात असतानाच डोळे मिटतात, आणि पहाटे माणूस पुन्हा धुऱ्यावर हजर असतं. तो थकवा झोपेने जातो. हा झोपेतून उठल्यावर जास्त असतो. टिकली लावायला हात वर केला की मधेच खाली येतो. ब्लाऊजचं माप घेऊन वहीत 34 लिहिते, आणि वही मिटेपर्यंत तो आकडा छातीचा की उंचीचा, ते डोक्यातून गेलेलं असतं. ज्या बाईने वीस वर्षं गावातल्या निम्म्या बायकांची मापं तोंडपाठ ठेवली, तिला हे कुणाला सांगायचीही लाज वाटते.

मग तपासण्या झाल्या. तुमसरला झाल्या, भंडाऱ्याला झाल्या. हिमोग्लोबिन बरं, थायरॉईड बरं, साखर बरी, छातीचा फोटो स्वच्छ. सिकलसेल नाही. आमच्या पूर्व विदर्भात तो पाहावाच लागतो, म्हणून तोही पाहिला. रिपोर्ट नॉर्मल आला आणि माझे दिवस फिरले. रिपोर्ट नॉर्मल असलेल्या बाईला आमच्याकडे दोनच रोग होऊ शकतात: आळस आणि नाटक. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "का झाला वो बाई तुले? दिसाले त बरी दिसतेस." सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त भांडी जरा जोरात ठेवायला सुरुवात केली.

अशा वेळी तुम्ही आमच्या घरी पाऊल ठेवलंत. पाऊल म्हणजे मोटारसायकलच्या डिकीतून. तुम्हाला घेऊन येणाऱ्या डॉक्टरांचं नाव मी घेत नाही, आणि त्यांनीही आपल्या डिग्रीचं नाव कधी घेतलं नाही. आल्या आल्या त्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि निदान केलं: "विकनेस आहे." एवढं मीही सांगितलं असतं. मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्याच खिळ्यावर सुतळीने तुम्हाला टांगलं. दोन वेळा टोचून तिसऱ्यांदा शीर मिळाली. वर पांढरी पट्टी चिकटवली. काचेच्या ॲम्प्युलचं डोकं टिचकीने उडवून बी-कॉम्प्लेक्स तुमच्यात सोडलं, तशा तुम्ही पिवळ्याधमक झालात. नळीवरचं चाक बोटाने मागेपुढे करून थेंबाचा वेग बसवला, साडेतीनशे रुपये घेतले आणि डॉक्टर पुढच्या खिळ्याकडे निघून गेले.

आणि बाई, काय सांगू तुमचा महिमा! अर्ध्या तासात घर भरलं. ज्या काकूंना मी बरी दिसत होते त्या पारलेचा पुडा घेऊन उशाशी बसल्या. सासूबाईंनी कुणालाही न विचारता चहा मांडला. आमच्या ह्यांनी पंखा माझ्या बाजूला फिरवला, जो लग्नापासून त्यांच्याकडे तोंड करून होता. येणारी प्रत्येकजण आधी तुमच्याकडे पाहायची, मग माझ्याकडे, आणि विचारायची, "किती लागल्या?" एक म्हटलं तर मान हलायची. दोन म्हटलं तर "अगं बाई!" तीन बाटल्यांच्या पेशंटला आमच्या गावात जो मान आहे, तो सरपंचालाही नाही. इतके महिने मी तोंडाने सांगत होते की मला बरं नाही, तर ती तक्रार होती. तुम्ही भिंतीवर टांगल्या गेलात तेव्हा तिचा आजार झाला.

हा तुमचा पहिला उपकार. माझ्या शब्दाला जी किंमत नव्हती, ती तुमच्या प्लास्टिकला होती. त्याबद्दल तुमचा राग करावा की आमच्या लोकांचा, हे मी अजून ठरवलेलं नाही. सध्या तुमचाच करते, कारण तुम्ही उलटून बोलत नाही.

एकदा तुम्ही लावलेल्या असताना करमणूक म्हणून मी तुमच्या अंगावरचं लेबल वाचलं. डेक्स्ट्रोज 5 टक्के, सोडियम क्लोराइड 0.9 टक्के, 500 मिली. मशीनवर बसणारी बाई हिशेबाला पक्की असते, त्यामुळे पडल्या पडल्या तोंडी हिशेब केला. पंचवीस ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ. बाकी पाणी. म्हणजे पाच-सहा चमचे साखर, चमचाभर मीठ, आणि कॅलरी शंभरच्या आसपास. काकूंनी आणलेल्या पुड्यात तुमच्यापेक्षा जास्त ताकद होती, आणि ती गिळायला सुई लागत नव्हती. तुमच्यातला पिवळा रंग तर त्याच संध्याकाळी मोरीत वाहून गेलेला मी स्वतः पाहिला.

आमच्या भागाचा इथे एक विनोद आहे. शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून मॉइल कंपनी जे मँगनीज डायऑक्साइड काढते, ते ड्राय सेलच्या कारखान्यांत जातं. देशाच्या टॉर्चला ताकद आम्ही पुरवायची, आणि आम्हाला ताकद यायची साखरेच्या पाण्याने.

पण खोटं कशाला बोलू, तुम्ही लागलात की मला तरतरी यायची. ती सगळी मनाची नव्हती. उभं राहिलं की रक्त पायात उतरून चक्कर येणारे पेशंट माझ्यासारख्या आजारात पुष्कळ असतात, आणि पाणी-मीठ शिरेतून गेलं की त्यांना काही तास खरंच उभं राहता येतं. खरा घात त्या काही तासांतच होता. कारण उभी राहिलेली बाई आमच्याकडे उभी ठेवली जात नाही, ती कामाला लावली जाते. आणि मला लावायला कुणी लागायचंही नाही. साचलेले ब्लाऊज, तुंबलेले कपडे, सासूबाईंच्या नजरेत साठलेलं सगळं मी त्या एका दुपारी निपटायला घ्यायची. रोवणीच्या दिवसांत तर सुई काढल्या काढल्या बांधीत उतरले होते. बायका म्हणाल्या, "पाय, कशी तरतरीत झाली!" त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत ठीक. तिसऱ्या दिवशी मला मोरीपर्यंत भिंत धरून जावं लागलं. घसा दुखत होता, अंगाला हात लावला तरी सोसवत नव्हता, पोरांचं बोलणं कानात टोचत होतं. ते आठवडाभर चाललं. मग अर्थातच पुन्हा तुम्हाला बोलावणं गेलं.

सावकारसुद्धा तुमच्यापेक्षा बरा, सलाईनबाई. तो निदान अंगठा घेण्याआधी व्याज सांगतो. तुम्ही उधार दिलीत तीच मुळात माझी उद्याची ताकद होती, आणि वसुली परवा केलीत. मधे एक दिवस गेल्यामुळे कर्ज आणि वसुली यांचा संबंध आमच्या कुणाच्याच ध्यानात आला नाही. पडले की आम्ही म्हणायचो, बाटलीचा असर उतरला.

तो संबंध लावला नागपूरच्या एका डॉक्टरबाईंनी. भावाने बळेच नेलं होतं. त्यांनी माझी फाईल चाळली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "काम जास्त झालं तर त्याच दिवशी पडता, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी?" इतक्या महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. उत्तर द्यायच्या आधी मला रडू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास सरकवला आणि खाली बघून लिहीत राहिल्या. त्यांचे आभार मी वेगळ्या पत्रात मानीन, इथे तुमच्या शेजारी नको. त्यांनी सांगितलेलं नाव लांबलचक आहे: मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 साली त्याची ओळख पटवायच्या खुणा ठरवून दिल्या: सहा महिन्यांहून जास्त टिकलेला, आयुष्य आखडून टाकणारा थकवा, श्रमानंतर बिघडणं, झोपूनही ताजं न वाटणं, आणि सोबत डोक्यातलं धुकं किंवा उभं राहता न येणं. त्यांच्या अंदाजाने त्या एका देशात असे पेशंट 8 लाख 36 हजार ते 25 लाख, आणि बहुतेकांना आपल्याला काय झालंय हे माहीतच नाही. तेव्हा माझ्यासारख्या नॉर्मल रिपोर्टवाल्या बायका फक्त नाकाडोंगरीत नाहीत, हे कळून मला दुष्टासारखं बरं वाटलं.

"हा मनाचा खेळ आहे" म्हणणाऱ्यांसाठी डॉक्टरबाईंनी एक गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियात डब्बो नावाचं शेतकी गाव आहे. तिथे तीन वेगवेगळ्या संसर्गांनी आजारी पडलेल्या 253 जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं. त्या तिनांत रॉस रिव्हर नावाचा डासांनी पसरणारा विषाणू होता, आपल्या चिकुनगुनियाच्याच कुळातला. सहा महिन्यांनी शंभरातले अकरा जण माझ्यासारखे होऊन बसले होते. तिन्ही संसर्गांत प्रमाण सारखंच. 2006 साली हे छापून आलं. आणि कोण पडणार हे कशावरून ठरलं? सुरुवातीचा आजार किती कडक होता त्यावरून. स्वभाव, आधीचं मनाचं दुखणं यांवरून नाही. हे मी घरी येऊन सांगितलं. भांड्यांचा आवाज थोडा कमी झाला. पूर्ण गेला असं नाही.

मात्र प्रत्येक थकलेल्या बाईला माझाच आजार असतो असं म्हणून मी तुमच्यासारखी एक बाटली सगळ्यांना लावणार नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास अडीच हजार बायकांना विचारलं होतं. 2005 साली ते प्रसिद्ध झालं. शंभरात बारा जणी सहा महिने किंवा जास्त थकलेल्या निघाल्या. मला वाटलं होतं रक्त कमी असेल. पण हिमोग्लोबिनशी त्या थकव्याचा संबंध लागला नाही. लागला तो घरच्या कर्जाशी, भुकेशी, कमी शिक्षणाशी, मनावरच्या ओझ्याशी. आता सांगा, कर्जावर किती मिली चढवता तुम्ही? आणि उपाशी बाईला पंचवीस ग्रॅम साखर शिरेतून देण्यापेक्षा ताटात भात वाढला तर डॉक्टरांची मोटारसायकल कशी चालेल?

बाटलीनंतर दुसरा सल्ला असायचा चालण्याचा. "चाल न जरा, आंग मोकरा होते." काकूंना मी अडाणी म्हणणार नाही, कारण हेच लॅन्सेटमध्ये 2011 साली छापून आलं होतं. ब्रिटनमध्ये 641 पेशंटांवर प्रयोग करून सांगितलं गेलं की व्यायाम थोडा थोडा वाढवत न्या, आणि विचार बदलायला शिका. पेशंट ओरडत राहिले की आम्ही याने अजून खाली जातोय, आणि त्यांचं ओरडणं हेही आजाराचंच लक्षण धरलं गेलं. 2021 मध्ये तिथल्याच नाइस या सरकारी संस्थेने आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली: या आजारात ठरवून वाढवत नेलेला व्यायाम देऊ नका, आहे त्या ताकदीच्या आत राहायला शिकवा. दहा वर्षं लागली त्यांना. काकूंना मी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे.

ताकदीच्या आत राहायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. तुमच्या धंद्याच्या विरुद्ध आहे, तरी ऐका. थकल्यावर आडवं व्हायचं नाही, थकण्याआधी व्हायचं. माझं काम बरं चाललेलं असतं, बाही नीट बसत असते, तेव्हाच मशीनवरून उठायचं. सर्वांत अवघड हेच आहे, कारण तेव्हा उठणारी बाई सगळ्यांना, स्वतःलासुद्धा, कामचोर दिसते. आंघोळ स्टुलावर बसून. भाजी खाटेवर बसून चिरायची, फोडणी मोठ्या मुलीने द्यायची. कणीक सकाळी, पोळ्या संध्याकाळी. ज्या दिवशी केस धुतले त्या दिवशी दुसरं काही नाही. बरं वाटणारा दिवस सर्वांत घातक. त्या दिवशी आमचे हे मशीनचा पट्टा काढून खिशात घालतात आणि शेतावर निघून जातात. चिडते मी. पण पट्टा परत मागायला शेतापर्यंत चालत जाणं परवडत नाही, हे त्यांना माहीत आहे. पाणी आणि मीठ मी आता तोंडाने घेते, रक्तदाब पाहून डॉक्टरबाईंनी सांगितलं तेवढं. माझ्या आजारावर अजून रामबाण औषध निघालेलं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. इतकं वाईट बोलणारा डॉक्टर मला आधी कधी भेटला नव्हता, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

बरी झाले का? पूर्ण नाही. होईन की नाही, सांगता येत नाही. पण भिंत धरून जाण्याचे आठवडे आता क्वचित येतात, आणि आले तर कशाने आले ते मला सांगता येतं. बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नाने. वहीतली मापं लिहिताना आता शेजारी "छाती", "उंची" असंही लिहिते. यंदा पोळ्यानंतर चार ब्लाऊज पूर्ण शिवून दिले. पूर्वी तेवढे एका बैठकीत व्हायचे. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं आहे की घाई असेल त्यांनी दुसरीकडे जावं. निम्म्या गेल्या. उरलेल्या थांबतात आणि शिलाईही जास्त देतात, याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

तुमच्यावर अन्याय नको, म्हणून हेही लिहिते. पटकीने डोळे खोल गेलेलं लेकरू, डेंग्यूत रक्तदाब कोसळलेला माणूस, मे महिन्यात शेतावर उष्माघाताने पडलेला मजूर, यांच्यासाठी तुम्ही जीव आहात. पण तिथेही गर्व नको. 1971 साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकी पसरली आणि तुमचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपातून काढून लोकांना पाजलं आणि हजारो माणसं वाचवली. त्यांनी ते तोंडाने पाजलं, सलाईनबाई.

तेव्हा आता मागणी एवढीच की आमच्या घरी जीव जात असल्याशिवाय येऊ नये. हे पत्र मी थोडं थोडं करून लिहिलं आहे, त्यामुळे मधेच सूर बदलला असेल तर तो त्या त्या दिवसाचा समजावा.

कळावे, लोभ नसावा.

आपली जुनी गिऱ्हाईक,
डाव्या हाताची

ता. क. धाकट्या जाऊबाई रोवणीपासून पायऱ्या चढताना धापा टाकतात. नखं पांढरी पडली आहेत, भिंतीची माती खावीशी वाटते म्हणतात. हे माझं दुखणं नाही, रक्त नक्की कमी आहे. तुमसरला जाऊन तपासणीला थेंबभर रक्त द्या म्हणून मी मागे लागले आहे. पण त्यांना त्या मोटारसायकलवाल्यांनी सांगितलंय की पिवळीने फरक पडला नाही तर लाल लावू, ती भारी असते. दोन पिवळ्या आधीच झाल्या. लालमध्ये लोह असतं का हो? लेबल वाचून कळवा. उत्तर येईपर्यंत थांबणार नाही. सोमवारच्या पहिल्या गाडीने मी त्यांना घेऊन निघते आहे. मंगळवार-बुधवार मी पडणार, हे गृहीत धरून मुलीला स्वयंपाकाचं सांगून ठेवलं आहे.